बुरुज नसलेला मुलूख

कारध्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्याच्या शेजारी एक आकडा असतो. वैनगंगेची पातळी इथे मोजली जाते, 245.50 मीटर ही धोक्याची रेषा. नदीच्या पश्चिमेला भंडारा शहर, पूर्वेला कारधा, मधे ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल आणि नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग. 2020 च्या ऑगस्टअखेर नदी या रेषेवरून किती वर गेली आणि भंडाऱ्याच्या कोणत्या वस्त्यांत शिरली, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. कारध्याला उंचीची चौकशी होते ती पाण्याच्या. पूल ओलांडून पूर्वेकडे निघाले की धानाच्या बांध्या सुरू होतात आणि नजर अडावी असे फारसे काही उभे दिसत नाही. दगडी मनोरा, टेहळणीचा बुरुज, आकाशात घुसलेले एखाद्या घराण्याचे घर असे काही शोधत आलेल्या प्रवाशाची इथे निराशाच होईल. ही निराशा मला तपासून पाहण्याजोगी वाटते. तिच्यामागे एक गृहीत आहे: ज्या लोकांना इतिहास असतो त्यांनी काहीतरी उंच बांधून ठेवलेले असते.

या गृहीताला सर्वांत जोरदार पुरावा कॉकेशसच्या उत्तर उतारावर मिळतो. रशियातल्या इंगुशेतिया प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, अस्सा आणि आर्मखी या नद्यांच्या खोऱ्यांत, इंगुश लोकांची बुरुजांची गावे आहेत: एर्झी, एगिकाल, टार्गिम, हाम्खी, आणि कड्याच्या टोकावर तोल सांभाळून बसलेले वोव्नुश्की. मी ही गावे ओळखतो ती आराखडे, छायाचित्रे आणि वर्णने यांच्यातून, पण त्यांची रचना इतकी काटेकोर आहे की कागदावरही ती समजते. राहण्याचा बुरुज दोन-तीन मजली, रुंद, खाली गुरे, वर माणसे, मधोमध एक दगडी खांब आणि त्याच्यावर मजल्यांचा भार. लढण्याचा बुरुज त्याहून निराळा: पायथ्याशी जेमतेम पाच मीटरची बाजू, पण उंची पंचवीस-तीस मीटर, पाच मजले, वर जाता जाता आत झुकत जाणाऱ्या भिंती आणि माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांचे दगडी छप्पर. दार जमिनीलगत ठेवत नसत, वरच्या मजल्यावर ठेवत. शिडी वर ओढून घेतली की बाहेरच्याला दारापर्यंत पोचायचा मार्ग उरत नसे. बांधकाम एका वर्षात पुरे व्हायला हवे अशी रूढी होती. न झाले तर ते त्या घराण्याचे दुबळेपण मानले जाई. बहुतेक बुरुज पंधराव्या ते अठराव्या शतकांमधले असावेत असे सामान्यतः मानले जाते, काहींची मुळे त्याहून जुनी. बुरुज कुळाचा असे. शत्रू परक्या मुलखातला असू शके, तसा शेजारच्या वस्तीतलाही. खुनाचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालत असे आणि ते मिटेपर्यंत माणसांना दगडाच्या आत राहावे लागे. या लोकांवर राजा नव्हता. वडीलधाऱ्यांच्या सभा होत्या, रिवाज होते, आणि रिवाज अपुरे पडले की भिंती होत्या.

आता हाच प्रश्न घेऊन भंडारा जिल्ह्यात फिरावे. किल्ले नाहीत असे नाही. तुमसर तालुक्यातला अंबागड सातपुड्याच्या एका टेकाडावर आहे; देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजखान पठाण नावाच्या सुभेदाराने तो 1700 च्या सुमारास बांधला, आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. खुद्द भंडारा शहरातल्या जुन्या किल्ल्यातही तुरुंग आला. किल्ल्यांच्या या गतीतच त्यांचे स्वरूप कळते: ते सरकारचे होते. सरकार बदलले की त्यांचा उपयोग बदलला, आणि भोवतालच्या गावाला त्यात कधी बिऱ्हाड करावे लागले नाही. इंगुश बुरुजाशी तुलना करायची तर या किल्ल्यांना बाजूला ठेवून खाली उतरावे लागते, गावच्या गढीपर्यंत.

गढ्यांविषयी इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये एक लक्षात राहणारी नोंद आहे. 1811 मध्ये पेंढारी नागपूरपर्यंत आले, शहराभोवतीच्या वस्त्या त्यांनी जाळल्या. आणि नागपूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या बहुतेक गढ्या त्याच धामधुमीच्या वर्षांत उभ्या राहिल्या असे ती नोंद सांगते. लुटारू दिसले की शेतकरी गढीत शिरे आणि जीव वाचवण्यासाठी लढे. भिंतीबाहेरचे सारे तोवर गेलेलेच असे. नोंद शेजारच्या जिल्ह्याची आहे, पण राज्य तेच होते, लुटारू तेच होते आणि बांधायची मातीही फारशी निराळी नव्हती. मला या नोंदीतला तपशील महत्त्वाचा वाटतो तो आत कोण जात असे हा. इंगुश बुरुजाच्या आत एक कुळ जाई आणि प्रसंगी बाकीचे गाव त्याच्या विरुद्ध असे. गढीच्या आत जमेल तेवढे गाव जाई. बुरुजाची भीती रोजची, पिढीजात, ओळखीच्या माणसांची. गढीची भीती हंगामी, घोड्यांवरून येणारी आणि निघून जाणारी. पहिलीसाठी दगड घडवत बसणे परवडते, कारण वैर नातवंडांपर्यंत पुरणार असते. दुसरीसाठी पुढच्या हिवाळ्याच्या आत काहीतरी उभे करायचे असते. मातीची जाड भिंत, एक दरवाजा, आत विहीर. पेंढारी 1818 पर्यंत संपले, आणि तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाने पुढच्या काही पिढ्यांत भिंतींचेही काम आटोपले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो भूगोलाचा आहे. डोंगरात दगड असतो, सपाटीवर माती. डोंगरी माणूस बुरुज बांधतो, मैदानी माणूस तट घालतो. यात समाजरचनेचा शोध कशाला घ्यायचा? हा आक्षेप अर्धा खरा आहे. जॉर्जियातल्या स्वानेती भागातले बुरुज, चीनच्या सिचुआन प्रांतातल्या तिबेटी आणि च्यांग लोकांचे बुरुज, ग्रीसच्या मानी द्वीपकल्पातली बुरुजांची घरे, या साऱ्या जागा डोंगराळ किंवा खडकाळच आहेत. पण इटलीतले सान जिमिन्यानो हे व्यापारी शहर होते, आणि तिथेही घराण्याघराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करत मनोरे उभारले. उलट सह्याद्रीत दगडाला तोटा नाही, वैर करणारी घराणी तर मुबलक, तरी आपल्याकडे गावातल्या प्रत्येक कुळाचा स्वतंत्र लढाऊ बुरुज अशी रीत पडली नाही. भंडाऱ्यातही दगड आहे. अंबागड मातीचा नाही. दगड कुठे वापरायचा हे ठरवणारी सत्ता कोणाच्या हाती होती, यावर गोष्ट येऊन ठेपते. जिथे वर कोणी नव्हते तिथे प्रत्येक घराणे आपापले सरकार झाले आणि त्याने आपापला किल्ला बांधला. वैनगंगेच्या खोऱ्यात वर नेहमी कोणीतरी होते: देवगड आणि चांद्याचे गोंड राजे, मग भोसले, मग इंग्रज. सारा वसूल करणाऱ्या राजाला प्रजेच्या घरावर तीस मीटरचा बुरुज खपत नाही. त्याला पीक हवे असते.

आणि पिकासाठी पाणी. इथे माझ्या मते या मुलखाने आपले सारे बांधकामाचे बळ खर्च केले. कारध्याहून महामार्गाने लाखनी, साकोली ओलांडत गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात जावे (1999 पर्यंत तोही भंडारा जिल्हाच होता) तर दर काही मैलांवर एक लांबट, झाडी उगवलेला, वाकडातिकडा उंचवटा दिसतो. ती पाळ. तिच्या मागे तलाव, पुढे खालच्या अंगाला धानाच्या बांध्या. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात सांगतात. लहान असेल तर बोडी, मोठा असेल तर तलाव. सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव, आणि लोकांच्या बोलण्यात त्याचा झाला मामा तलाव. त्यांतला सर्वांत भव्य नवेगाव बांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला अशी नोंद आहे. टेकड्यांच्या मधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवल्या आणि जुन्या मोजणीप्रमाणे सतरा मैलांच्या परिघाचा जलाशय तयार झाला. कोलू पुढे कोलासुर देव झाला आणि तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे आहे. बांधकाम करणाऱ्याला देवपण देणारे गाव बांधकामाला क्षुल्लक समजत नव्हते हे उघड आहे.

तलाव बांधणे हे बुरुज बांधण्याइतकेच कौशल्याचे काम आहे, फक्त ते कौशल्य डोळ्यांत भरत नाही. कोहळी समाजाची ख्याती यातच होती. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले अशी परंपरा सांगतात. तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन सवलतीने देण्याची रीत चांद्याच्या राज्यात होती. पाण्याचा लोट कुठून येतो, किती पसरतो, कुठे अडवला तर कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी थांबेल, हे उघड्या डोळ्यांनी ओळखायचे. सांडवा असा ठेवायचा की अतिवृष्टीत पाणी पाळीवरून जाणार नाही, कारण मातीच्या पाळीवरून एकदा पाणी गेले की रात्रीत ती वाहून जाते. एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्या खालच्या बोडीत, अशी साखळी जुळवायची. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या गाळात पीक घ्यायचे, आणि गाळ काढून शेतात टाकायचा म्हणजे तलावाची खोलीही राखली जाते. धानाला रोवणीनंतर ऐन वेळी पावसाने ओढ दिली तर एक-दोन पाण्यांनी पीक हाती येते. हा तलाव मुळात त्या एक-दोन पाण्यांसाठी. कोहळ्यांनी त्याच्यावर ऊसही काढला. इंगुश बुरुजाला वर्षाची मुदत होती. इथली मुदत पहिला पाऊस हीच, आणि ती दर साली नव्याने पडे.

बुरुज कुळाचा आणि तलाव गावाचा, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह इथे होतो. तो आवरायला हवा, कारण दुसरा आणि जास्त कठीण आक्षेप इथेच आहे. तलाव गावाचा नव्हता, मालगुजाराचा होता. इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजाराला गावाची मालकी दिली आणि तलाव कागदोपत्री त्याच्या नावावर गेला. पाळ बांधायला माती वाहणारे हात कोणाचे होते, पाण्याची पहिली पाळी कोणाच्या शेताला मिळे, ढिवरांना मासेमारीसाठी काय द्यावे लागे, याची उत्तरे समतेची नाहीत. राजाशिवाय, सरंजामदाराशिवाय जगणारा इंगुश समाज त्या मोजपट्टीवर आपल्यापेक्षा ताठ उभा दिसेल, हे मान्य केले पाहिजे. तरीही फरक उरतो, आणि तो मालकीपेक्षा उपयोगात आहे. बुरुज दुसऱ्याला बाहेर ठेवतो तेव्हाच त्याचे काम होते. तलावाचे काम दुसऱ्याला वगळून होतच नाही: मालगुजार कितीही मग्रूर असला तरी पाळ दुरुस्त करायला त्याला गाव लागे, आणि पाणी खाली सोडले की ते त्याच्या धुऱ्यापाशी थांबत नसे. मासे, गुरांचे पाणी, कमळकंद, शिंगाडे, पाळीवरचे गवत हे निस्ताराचे हक्क गाव वापरत आले. न्याय्य नसलेली, पण सगळ्यांना गुंतवून ठेवणारी अशी ती व्यवस्था होती. तिचे उदात्तीकरण मला करायचे नाही. तिच्यात माणसे एकमेकांना टाळू शकत नव्हती एवढेच म्हणायचे आहे.

आता दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. 23 फेब्रुवारी 1944 रोजी सोव्हिएत सत्तेने चेचेन आणि इंगुश लोकांना त्यांच्या भूमीतून उचलले आणि मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि किरगिझियाला पाठवले. 1957 मध्ये परतण्याची मुभा मिळाली. लोक आले, पण डोंगरातली बुरुजांची गावे पुन्हा पूर्वीसारखी नांदती झाली नाहीत. (त्यांतली कित्येक कुटुंबे आधीच्या दोन शतकांतच सपाटीवर उतरू लागली होती, हेही खरे.) माणसे गेली, बुरुज राहिले. काही कोसळले, काहींचे माथे गेले, तरी पुरेसे उरले. 1988 मध्ये तो सारा प्रदेश संरक्षित संग्रहालय-क्षेत्र झाला आणि 1996 मध्ये जागतिक वारशाच्या प्रस्तावित यादीत त्याचे नाव गेले. दुसरी तारीख 31 मार्च 1951. त्या वेळी भंडारा मध्य प्रदेशात होता. मालकी हक्क रद्द करणाऱ्या 1950 च्या कायद्याने त्या दिवशी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. इथून एकही माणूस हलला नाही. तरी तलाव ढासळू लागले. मालगुजाराचा अधिकार गेला तो चांगलाच झाला, पण पाळ कोणी पाहायची हे गावाला कोणी सांगितले नाही. पाणीपट्टीवरून वाद झाले, गाळ साचला, पोटात अतिक्रमणे आली, बेशरमाची झाडी माजली. बुरुज माणसांवाचून टिकला, आणि तलाव माणसे असूनही टिकला नाही.

माझे म्हणणे या जोडीवर उभे आहे. वारसा म्हणून आपण ज्या गोष्टी ओळखतो त्या बहुतेक आपल्या माणसांना मागे टाकून उरलेल्या असतात. सोडून दिले तरी जे उभे राहते ते स्मारक ठरते. रोज हात लागला तरच जे जगते त्याला आपण शेतीची सोय समजतो. म्हणून इंगुश डोंगर पुरातन वाटतात आणि भंडारा जिल्हा मागास. मोजपट्टीच दगडाच्या बाजूने झुकलेली आहे. अंबागडावर जाऊन त्याची तुलना वोव्नुश्कीशी करणारा प्रवासी हरणारच, कारण तो इथल्या लोकांनी जिथे जीव ओतला नाही अशा जागी त्यांचे कर्तृत्व शोधतो आहे.

यावर कोणी पवनी दाखवील, आणि दाखवायलाच हवी. वैनगंगेकाठच्या या जुन्या गावाला एका अंगाने नदी आणि बाकी बाजूंनी खंदक आणि मातीचा प्रचंड तट आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केले आणि मौर्य-सातवाहन काळाच्या आसपासच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. म्हणजे मातीही टिकते की. होय, टिकते, आणि तेच माझ्या बाजूचे आहे. पवनी कधी पूर्ण ओस पडली नाही. तटाच्या आत वस्ती राहिली, खंदकात पाणी राहिले. आणि ज्या स्तूपांची गरज गावाला उरली नाही ते टेकाडाखाली गेले, इतके की त्यांच्यावर दुसरी देवळे उभी राहिली. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल की इंगुश बुरुजही निगेशिवाय अमर नाहीत, अलीकडे त्यांची डागडुजी करावी लागते. खरे आहे. पण शंभर वर्षे दुर्लक्षिलेला बुरुज दुरुस्त करता येतो. शंभर वर्षे दुर्लक्षिलेल्या बोडीच्या जागी शेत असते आणि सातबाऱ्यावर कोणाचे तरी नाव असते.

पवनीच्या वरच्या बाजूला, त्याच नदीवर, गोसेखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली आणि 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. या जिल्ह्यात उंच, डोळ्यांत भरणारे माणूसनिर्मित काम शोधायला निघालेल्याचे समाधान तिथे होईल. माझे होत नाही. धरणाने नदीकाठची गावे पाण्याखाली घातली, आणि ज्या पाण्याची वाट खालच्या बांध्या पाहत होत्या ते पोचायला दशके लागली. हजारो पाळींनी हजारो ठिकाणी वाटून घेतलेले काम एका भिंतीवर सोपवले की भिंतीकडे पाहायला गर्दी होते आणि पाळीकडे कोणी फिरकत नाही. सिंचनाच्या हिशेबात धरणाची गरज होती की नव्हती हा वेगळा वाद आहे, त्याला इथे हात घालत नाही. मात्र मामा तलाव दुरुस्त करण्याला जो पैसा आणि जी प्रतिष्ठा मिळायला हवी होती, ती त्या काळात मिळाली नाही एवढे नक्की.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: गवताळलेली पाळ पाहायला प्रवासी येणार नाहीत. नवेगाव बांधला येतात, पण ते जंगल आणि पक्षी पाहायला. तलाव माणसाने बांधला आहे हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. याला माझे उत्तर असे की न येवोत. बुरुजाला प्रेक्षक लागतात, कारण त्याची राहण्याची आणि लढण्याची दोन्ही कामे संपली आहेत. तलावाचे काम संपलेले नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था आणि ढिवर समाजाच्या मच्छीमारांचे गट गेली काही वर्षे या तलावांवर काम करत आहेत, त्यात बायका पुढे आहेत. त्यांची रीत अशी की आधी बेशरम उपटायचा, तलावाच्या पोटातली जमीन नांगरायची, मग पाण्याखाली आणि काठावर वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती लावायच्या, म्हणजे स्थानिक माशांना चारा आणि अंडी घालायला जागा मिळते. मासे आले की ढिवरांची मिळकत येते, आणि मिळकत आली की पाळीकडे लक्ष ठेवणारी माणसे पुन्हा मिळतात. पूर्वी ज्यांचा तलावावर शेवटचा हक्क होता ते आता त्याचे पहिले राखणदार होत आहेत. यातले बरेचसे काम पाऊस पडण्याच्या सुमारास, तलावात पाणी भरण्याआधी करावे लागते.